कळंबचा पिवळा खडा

पुण्याहून सकाळच्या पहिल्या एस.टी.त बसलो तेव्हा मला एकच हौस होती: दिगंबर चुकलेला पाहायची. प्रवासाला निघण्याचं हे काही भलं कारण नव्हे, पण खरं तेच होतं.

दिगंबर आणि मी पेठेतल्या एका वृद्ध रत्नपारख्याकडे सहा वर्षं बरोबर शिकलो. नवा खडा पुढ्यात आला की गुरुजी माझ्याकडे न बघता म्हणायचे, "दिगू, सांग रे." पुढे वडील गेले म्हणून तो उस्मानाबाद जिल्ह्यात आपल्या गावी, कळंबला परतला आणि मी एका मोठ्या पेढीवर पारखी म्हणून लागलो. खुर्ची मला, पंखा माझ्या डोक्यावर, आणि तरी जुने दलाल मलाच विचारणार, "तो तुमच्याबरोबरचा कळंबकर हल्ली काय करतो हो?" माझ्या पोटात दुखायला एवढं पुरे होतं. अशात त्याचं पत्र आलं. गावाजवळ विहीर खणताना जांभळे खडे लागलेत आणि त्यांत एक पिवळाही आहे. "पिवळ्याचं मला काही उमगत नाही. लोक पुष्कराज म्हणतात. तू येऊन बघ." दिगूला उमगत नाही! मी त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला.

बार्शी सोडल्यावर हिरवं काही दिसेना. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. रस्त्याच्या कडेला माणसं ओळीनं खडी फोडत बसली होती, बायकांनी बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. शेजारच्या फेटेवाल्या म्हाताऱ्यानं माझी चौकशी सुरू केली.

"कुणाकडं चाललाव?"

"दिगंबर पारख्यांकडे."

"मामाकडं व्हय! लई गुनाचा मानूस. माझ्या सुनंच्या कुड्या त्यानंच बघितल्या. काचंच्या निघाल्या, पर पोरीला वाईट वाटू दिलं न्हाय."

उरलेला सगळा रस्ता तो मामाचेच गुण गात होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

कळंबच्या स्टँडवर दिगू स्वतः आला होता. वाळला होता, पण हसू तेच. पन्नास पावलांत दहा जणांनी त्याला थांबवलं. कुणी रामराम घातला, कुणी जयभीम. माझ्या पेढीच्या रस्त्यावर मला पानवालाही ओळखत नाही. घरी त्याच्या बायकोनं मिलोची (रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी) भाकरी आणि हुलग्याचं माडगं (कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण) वाढलं. भाकरी घशाखाली उतरेना, पण माडगं मी दोनदा मागून घेतलं.

"भावजी, ह्यांच्या तोंडात सारखं तुमचंच नाव असतं," ती म्हणाली. मला ते खरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कोस चालून आम्ही विहिरीवर गेलो. ती खणणाऱ्या मजुरांनी आपली सहकारी सोसायटी काढली होती. पाणी लागलं नव्हतं, पण तीस हातांवर काळ्या खडकात पोकळ्या लागल्या होत्या. आतून पांढऱ्या गारगोटीचं अस्तर आणि त्यावर जांभळी टोकं. आमच्या धंद्यात याला जमुनिया म्हणतात. गोणपाटावर त्याचा ढीग मांडून दिगू पाच-सहा बायकांना निवड शिकवू लागला.

"गालाला लावून बघा. खडा गार लागतो, काच तेवढी गार लागत नाही. मग त्यावर श्वास सोडा. खऱ्यावरची वाफ चटकन उडते, काचेवर रेंगाळते. आत गोल बुडबुडा दिसला की काच समजा. आता पाण्याच्या वाटीत धरा. रंग कसा दिसतो?"

"कुठं गडद, कुठं फिका," सुभद्राबाई नावाची एक बाई म्हणाली.

"बरोबर. जमिनीतला रंग असा पट्ट्यापट्ट्यानं येतो."

गुरुजींचं वाक्य न् वाक्य! जी विद्या मी पेढीवर कुणाला वास लागू न देता सांभाळली होती, ती हा विहिरीच्या काठावर बसून वाटत होता. आणि त्या बायका देवळात बसल्यासारख्या ऐकत होत्या. माझं ऐकताना आजवर कुणी असं बसलेलं नाही.

दुपारी चावडीवर सोसायटीची बैठक भरली. ठरवायचं होतं ते एवढंच: खड्यांची निवड आणि विक्री दिगूच्या हाती सोपवायची, की सगळा ढीग फोडून खडीत घालायचा. दिगूच्या हाती आलं तर वीस घरांतल्या बायकांना उन्हातून उठून सावलीत काम मिळणार होतं. बाहेरचा पारखी म्हणून शेवटचा शब्द माझा होता. चेअरमननी पिवळा खडा माझ्या तळहातावर ठेवला.

तो हलका लागला. एवढा मोठा पुष्कराज हाताला चांगला जड लागतो. गारगोटीच्या टोकानं मी एका कडेला ओढलं, ओरखडा उठला. पुष्कराजावर तो उठत नाही. मग ऊन टाळून उत्तरेच्या उजेडात धरला. पिवळ्यात लालसर झाक होती आणि आत माशाच्या खवल्यांसारख्या बारीक चिरा. ही आगीची खूण. जमुनिया तापवला की त्याचा जांभळा रंग जाऊन पिवळा येतो, आणि बाजारात असले भाजलेले खडे पुष्कराज म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात. हा कुणी भाजला, का भाजला, हे मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

"हा पुष्कराज नाही," मी म्हणालो. "जमुनियाच आहे, भाजलेला. हे माहीतगाराचं काम आहे, आणि या गावात माहीतगार एकच आहे."

दिगूनं माझ्याकडे पाहिलं. "मी भाजला नाही," एवढंच तो म्हणाला.

"मामा, तुमी बी?" चेअरमन खालच्या आवाजात म्हणाले. मग उठून त्यांनी धोतर झटकलं. "ऱ्हाऊ द्या. समदं खडीत घाला."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पिशवी उचलून मी ताठ मानेनं फाट्यावर येऊन उभा राहिलो. तेवढ्यात मागून सुभद्राबाई धापा टाकत आली.

"सायेब, त्यो खडा म्या भाजला."

"तुम्ही? कशासाठी?"

"सोनार सोनं आगीत घालून बघतुया न्हवं? खरं असंल तर टिकंल, म्हून म्या बी चुलीत निखाऱ्याखाली पुरला. पिवळा निघाला. मला वाटलं, आनखी चांगला झाला. मामाला तसाच न्हेऊन दिला, भाजल्यालं सांगितलंच न्हाय. आन् चावडीत तर त्वांडच उघडंना."

गाडी आली. मी एक पाय पायरीवर ठेवलाही होता, हे लपवत नाही. आपण निघून गेलो तर कळंबमध्ये दिगूचं नाव यापुढे कुणी काढणार नाही, हा विचार मला गुळासारखा गोड लागला. सुभद्राबाई अजून समोर उभी होती. सोमवारपासून तोच ढीग तिला हातोडीनं फोडायचा होता. मी पाय खाली घेतला, कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी गेली.

चावडीवर माणसं अजून होती. बाईंनी खडा पारखायला म्हणून भाजला, दिगूवरचा आळ माझा आणि तो खोटा, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. आधी चेअरमन हसले, मग सगळीच हसली. सुभद्राबाईनं पदरात तोंड लपवलं. सोसायटीनं तिथल्या तिथे काम दिगूच्या हाती सोपवलं. उठताना चेअरमन मला म्हणाले, "पाव्हणं, तुमची नजर लई पक्की हाय. पर खड्यापुरतीच."

घरी परतताना मी दिगूला विचारलं, "तू बोलला का नाहीस?"

"विहिरीतला खडा भाजलेला कसा, एवढंच मला उमगत नव्हतं. तो तिनं आणून दिला होता. मी तेवढं सांगितलं असतं, तर आळ तिच्यावर गेला असता."

म्हणजे चांगुलपणातही हा माझ्या पुढेच! मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण जळफळाट आधी झाला.

प्रवासानं माणूस मोठ्या मनाचा होतो, असं लोक लिहितात. मी पुण्यात उतरलो तेव्हा जाताना होतो तेवढ्याच मनाचा होतो, फक्त अंगावर धूळ जास्त होती. दुसऱ्या दिवशी पेढीच्या मालकांना बरोबर आणलेले जमुनियाचे नमुने दाखवले. त्यांनी ते खिडकीशी नेऊन निरखले आणि विचारलं, "माल चांगला आहे. पण निवड तिथेच होणार म्हणता, तर त्या माणसावर भरवसा ठेवता येईल का?"

"ठेवा," मी म्हणालो. "पारख त्याची माझ्याहून चांगली आहे. आणि माणूसही."

मालक हसले. चारचौघांत त्यांनी माझ्या विनयाचं तोंडभर कौतुक केलं आणि मी ते निमूटपणे घेतलं.