अंधारातलं शून्य

माझे धाकटे दीर गेले, त्याला वर्ष झालं. एकतीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत काचेची भांडी घासली. घरी मात्र चहाचा कपसुद्धा कधी विसळला नाही.

शेवटची काही वर्षं ते संशोधन करणाऱ्या एका मुलीच्या हाताखाली होते. ती म्हणे पाण्यात सोन्याचे इतके बारीक कण सोडायची, की डोळ्यांना दिसू नयेत. पाणी मात्र डाळिंबी लाल. दिवा लावला की ते कण उजेड धरतात आणि भट्टी न पेटवता एका रसायनाचं दुसरं करतात.

"पिवळं नाही ते सोनं कसलं हो, भाऊजी?" मी चिडवायची.

तीन वर्षं काही जमेना. मग एका पंधरवड्यात सगळं भराभर झालं. लेख छापायला जायच्या आदल्या संध्याकाळी भाऊजी जेवेनात.

"वहिनी, मी लबाडी केलीय."

"या वयात? लग्नबिग्न तर नाही ना केलंत?"

हसले नाहीत. रसायन ढवळायला भांड्यात गोळीएवढं चुंबक फिरतं. ते रोज अ‍ॅसिडमध्ये बुडवून ठेवायचं, असा नियम. त्या वासाने खोकला उसळायचा, म्हणून भाऊजींनी पंधरा दिवस नुसत्या साबणावर भागवलं. त्यात चुंबकं पलीकडच्या टेबलावरची, जिथे दुसऱ्याच धातूचं काम चाले. तो धातू चुंबकाच्या चऱ्यांत चिकटून राहतो आणि उजेड नसला तरी तेच काम करतो, हे त्यांच्या कानावर होतं.

"नाही सांगितलं, तर कुणाला कळणार आहे?" मी विचारलं. खरंच विचारलं, लपवत नाही.

"कुणालाच नाही. म्हणून तर घास उतरत नाही."

सकाळी जाऊन त्यांनी सांगितलं. मुलीने तेच चुंबक टाकलं, भांडं काळ्या कापडात गुंडाळलं. अंधारातही तेवढंच झालं. म्हणजे सोन्याने आणि उजेडाने काही केलंच नव्हतं.

"काका, लेख बारगळला," एवढंच म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी भाऊजींना भांड्यांवरून काढून दारावर राखणीला बसवलं. चौथ्या दिवशी तीच सरांकडे गेली. "भांडी काकाच धुतील. चुकलं तर येऊन सांगणारा माणूस मला हवाय."

नवी चुंबकं आली, भाऊजींना चांगला मास्क आला. आठ महिन्यांनी एका दुपारी ते धापा टाकत घरी आले.

"वहिनी, उजेडात झालं! आधीच्या पावपटच, पण झालं."

"आणि अंधारात?"

"शून्य. अगदी शून्य," म्हणाले ते, जणू ते शून्य त्यांनीच घासून लख्ख केलं होतं.