हलू नका, व्हिडिओ चालू आहे

मेमरी कार्ड भरलं की रिकामं करता येतं. किस्स्यांना ती सोय नाही. ते साठतच जातात, आणि आमच्या स्टुडिओत तर कामापेक्षा तेच जास्त.

स्टुडिओ माझ्या चुलत्यांचा, दत्ताकाकांचा. पेठला, हायवेलगत. पाटीवर 'फोटो स्टुडिओ', आणि खाली बारीक अक्षरात 'पासपोर्ट, लग्न, बारसे, जावळ'. मी कोलकात्याला फिल्म शिकून परत आले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन: आपल्या भागातल्या माणसांच्या गोष्टी त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच आवाजात राहिल्या पाहिजेत. बाहेरच्या कुणीतरी यावं, आमचा बिबट्या, आमचा ऊस शूट करून न्यावा आणि आम्ही मागे पोज देऊन उभं राहावं, हे मला सहन होत नव्हतं. काकांना म्हटलं, फोटो पुरे झाले. पाटी बदलू, 'व्हिडिओ' लिहू.

काका म्हणाले, "एक तरी गिऱ्हाईक आपल्या पायानं येऊन म्हणू दे, फोटो नको, व्हिडिओ द्या. त्या दिवशी मी स्वतः शिडी लावतो."

मी म्हटलं, शिडी काढूनच ठेवा. आमची माणसं कॅमेऱ्यासमोर काय करतात, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

*

आमच्याकडचं माणूस कॅमेरा दिसला की थांबतं. चालताना थांबतं, घास तोंडाशी नेताना थांबतं. काकांनीच तीस वर्षं सगळ्यांना 'हलू नका' शिकवलंय.

पहिल्याच लग्नात मी सगळ्यांना सांगत फिरत होते, "माझ्याकडे बघू नका, तुमचं चालू द्या." नवरदेवाच्या मामांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, तुमी नव्या हाय. आसं म्हणायचं नसतं. हलू नका म्हणायचं असतं."

मग मंगलाष्टकं संपली. अंतरपाट खाली गेला, मांडवभर हात अक्षता टाकायला वर गेले, आणि स्टेजवरून काका सवयीनं ओरडले, "थांबा! आहे तसंच!"

अख्खा मांडव हात वर करून थांबला. माझ्या फिल्ममध्ये लग्न लागतं त्या क्षणी एकच गोष्ट हलते आहे: पंखा.

*

त्यानंतर मी काकांच्याच हातात दुसरा कॅमेरा दिला. म्हटलं, करून बघितलं की कळेल.

हळदीचं शूटिंग होतं. काकांनी कॅमेरा उभा धरला. "उभं माणूस आडव्यात कसं मावंल?" वर प्रत्येक वेळी बटण दाबायचं आणि लगेच बंद करायचं. संध्याकाळी बघते तर सगळी हळद एकेका सेकंदाच्या तुकड्यांत.

"काका, हे काय आहे?"

"सगळे आलेत ना त्यात? मग झालं तर."

मी पार्श्वसंगीतासकट नीट रचलेली फिल्म पाठवली, आणि काकांचे तुकडे तसेच जोडून सोबत दिले. नवरीचा फोन आला. म्हणाली, "ताई, तो उभा व्हिडिओ लई भारी झालाय. मी स्टेटसलाच ठेवला. दुसरा जरा मोठा हाय, सवडीनं बघते."

काका दोन दिवस शीळ घालत होते.

*

पारगावजवळ उसाला लागून बबनभाऊंचं घर आहे. त्यांची शेळी बिबट्यानं नेली. मी ट्रायपॉड लावत होते तेवढ्यात भाऊंनी सगळा प्रसंग उभा केला. बिबट्या कसा दबकत आला हे दाखवायला ते अंगणात पालथे पडले, कोपरांवर सरकले, गुरगुरले. माझा माईक अजून पिशवीतच.

"भाऊ, थांबा, थांबा. आता हेच परत."

लाल दिवा लागला. भाऊ उठले. धूळ झटकली, टोपी सारखी केली, हात जोडले.

"नमस्कार. मी बबन, राहणार पारगाव. आमची शेळी बिबट्यानं नेली. धन्यवाद."

मी कॅमेरा बंद केला. भाऊ पुन्हा पालथे पडले. "तर ताई, तो आसा सरकत सरकत..."

मग मी गुपचूप दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि कॅमेरा चालू ठेवला. भाऊ कोपरावरच थबकले.

"ताई, पट्टी का लावली? चालू दिसतोय."

आणि हात जोडून उभे राहिले.

*

भीमाशंकरला मात्र मी ठरवूनच गेले होते. पायऱ्यांवर बेल-फुलांचं एक दुकान आहे. दुकानदाराला महिनाभर आधीपासून समजावलं होतं: मुलाखत नको, पोज नको. तुमचा धंदा रोज जसा चालतो तसाच बघायचा आहे. गिऱ्हाईक, घासाघीस, गर्दी, सगळं.

"कळलं, कळलं," ते म्हणाले होते.

सोमवारी पोहोचले. पायऱ्यांवर ही गर्दी. दुकानाला पडदा ओढलेला, आणि पडद्यापुढे नवा कोरा शर्ट घालून मालक एकटे उभे.

"अहो, दुकान बंद का?"

"तुमी येणार व्हता ना. गिऱ्हाईक सारखं मधी मधी येतंय."

*

गावातल्या म्हाताऱ्या नानांचा मुलगा संपत स्टुडिओत आला तो फोटोसाठीच. "नानांचं वय झालंय. भिंतीला लावायला एक मोठा फोटो काढा." मीच म्हटलं, सोबत व्हिडिओही करते. तो म्हणाला, "बघा तुमी."

नाना फेटा बांधून अंगणात खुर्चीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर थेट लेन्समध्ये. मी विचारलं, बालपण कसं गेलं? बैलजोडी कुठली होती? लग्न कसं जमलं? नाना ढिम्म. दारातून नानी म्हणाल्या, "आवं, ती इचारती ना, बोला की." नाना हलले नाहीत. एक कोंबडी समोरून गेली. शेवटी, मान न हलवता, त्यांनीच मला विचारलं, "झालं का?"

मी कॅमेरा बंद केला. काकांनी त्यातलंच एक चित्र मोठं करून फ्रेम केलं. म्हणाले, "लई झ्याक बसलेत. असं गिऱ्हाईक पाहिजे."

पावसाळ्यात नाना गेले. दहाव्याच्या आधी संपत आला. मला वाटलं, फोटोची आणखी एक प्रत हवी असेल.

"फोटो हाय," तो म्हणाला. "फोटो नको. आई म्हणती, तुमच्याकडं त्यांचं ते हलतं हाय. ते द्या."

काका पासपोर्ट फोटो कापत होते. त्यांची कात्री थांबली.

मी म्हटलं, "संपतभाऊ, त्यात नाना काहीच बोलत नाहीत. नुसते बसलेत."

"आसू द्या."

काका उठून मागच्या खोलीत गेले. शिडी ओढल्याचा आवाज आला.

दहाव्याला घाटावरून आल्यावर ओसरीत टीव्ही लावला. नाना दिसले. गुडघ्यांवर हात. वाऱ्यानं फेट्याचं टोक उडत होतं. मधेच पापणी लवली. टीव्हीतून माझा आवाज आला, "नाना, लग्न कसं जमलं तुमचं?" सगळ्यात पुढे बसलेल्या नानींनी पदर सारखा केला. कोंबडी गेली. बराच वेळ नुसते नाना.

मग ते म्हणाले, "झालं का?"

ओसरीत कुणी हललं नाही.

"झालं," नानी म्हणाल्या. "उठा आता."