मेहरचा भाव

बुआलेमचा धंदा सगळ्या अल्जिअर्सला माहीत होता. होणाऱ्या सोयऱ्यांना तेवढा तो कळू नये, अशी त्याच्या बायकोची, दहबियाची, इच्छा होती.

पोर्ट सईद चौकातल्या कमानींखाली, तिसऱ्या खांबाशी तो कित्येक वर्षं उभा असे. हातात नोटांची गड्डी, तोंडात 'युरो, युरो'. माझं कॉफीचं दुकान त्याच्या पाठीमागेच. पोलीस माझ्याकडे कॉफी प्यायला येत आणि त्याच्याकडे पाठ करून बसत. आमच्याकडे परवाना म्हणतात तो हाच. बँकेच्या फळ्यावर युरोचा भाव दीडशे दिनार लिहिलेला असे, अगदी सुवाच्य अक्षरात. युरो मात्र नसत. परदेशी निघालेल्याला वर्षातून एकदा चार दिवसांच्या जेवणापुरते मिळत, तेही तिकीट दाखवून. बाकीचे चौकात, दोनशे चाळीसनं. बँकेचा भाव स्वस्त होता, कारण त्या भावात विकायला काही नव्हतंच.

बुआलेमच्या रादियाला मागणी आली. मुलगा हिशाम फ्रान्समध्ये, मार्सेला वीजतंत्री, तिच्या मनातला. घोडं अडलं ते मुलाच्या बापाशी. सी तय्यब बँकेत, तेही परकीय चलनाच्या खिडकीवर. दहबियानं त्यांच्या घरी परस्पर सांगून टाकलं की आमचे हे कापडाचे व्यापारी आहेत. नवऱ्याला बजावलं की त्या दिवशी आकडा म्हणून तोंडातून काढायचा नाही. बुआलेम माझ्याकडे येऊन बसला. 'माझ्या धंद्यापायी पोरीचं मोडलं, तर तिला कुठल्या तोंडानं भेटू?' म्हणाला. असा हवालदिल मी त्याला छापा पडला तेव्हाही पाहिला नव्हता.

शनिवारी मंडळी आली. आमच्या बाजूनं वडीलधारा म्हणून मला बसवलं होतं. खजुराचं मकरूत खाऊन झालं, कॉफी झाली. सी तय्यबनी कापडाची चौकशी केली, बुआलेमनं 'मालाला उठाव आहे' एवढं सांगून निभावलं. मग इमामांनी मेहर, म्हणजे नवऱ्यानं नवरीला द्यायची रक्कम, किती ते विचारलं.

"मुलगा युरोत कमावतो," सी तय्यब म्हणाले, "तेव्हा दोन हजार युरो. अर्थात दिनारमध्ये, बँकेच्या भावानं. शेवटी कायदा आहे. तीन लाख."

ठरलं म्हणून सगळ्यांनी फातिहाच्या प्रार्थनेसाठी हात उचलले. बुआलेमचेही उचललेले होते, पण त्याचा अंगठा नोटा मोजल्यासारखा तर्जनीवर सरकू लागला होता. मी त्याच्या पायाला पाय लावला. काही उपयोग झाला नाही.

"चार लाख ऐंशी," तो म्हणाला.

दाराआड कपबशी वाजली. सी तय्यबनी त्याच्याकडे पाहिलं. माणूस नुकसान सोसेल, पण चुकीचा भाव त्याला ऐकवत नाही.

"दोनशे चाळीस कालचा झाला," ते म्हणाले. "आज सकाळपासून दोनशे त्रेचाळीस आहे."

"म्हणजे चार लाख शहाऐंशी," इमाम हात खाली न घेता पुटपुटले.

बुआलेमचा धीर सुटला की आला, कोण जाणे. "सी तय्यब, आता लपवू कशाला? मी कापडबिपड काही विकत नाही. मी चौकात उभा असतो."

"तिसऱ्या खांबाशी. ठाऊक आहे मला. मी चौथ्या खांबावाल्याकडून घेतो. तुम्ही दोन दिनार जास्त लावता."

खोली हसली. दहबिया दाराआडून रडत रडत हसली. मेहर चार लाख शहाऐंशीवर ठरला. बुआलेमच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आता लग्नात उजळ माथ्यानं सांगेन, असं तो म्हणाला. सी तय्यब मात्र गंभीर झाले.

"ते नको, व्याहीबुवा. लग्नाला आमचे साहेब यायचेत. त्यांच्यापुढे कापडच सांगा."

"साहेबांना माहीत नाही?"

"साहेब तुमच्याकडूनच तर घेतात."

बुआलेमनं मान खाली घातली आणि फातिहा झाली. मला संताप आला होता, पण मुलीकडच्या माणसानं संतापायचं नसतं.

लग्नाच्या दिवशी साहेब आले. सी तय्यबनी ओळख करून दिली, 'आमचे व्याही, कापडाचे व्यापारी.' बुआलेम जमिनीकडे बघत उभा राहिला. शेजारी जरीच्या पोशाखात अवघडून बसलेली रादिया उठली.

"कापडाचे नाहीत," ती म्हणाली. "माझे वडील चौकात युरो विकतात. त्यावरच मी शिकले."

सी तय्यबचा चेहरा पडला. साहेबांनी बुआलेमचा हात हातात घेतला, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "अस्सं? आमचं त्या बाजूला कधी येणं होत नाही."

गुरुवारीच त्यांनी त्याच्याकडून पाचशे युरो नेले होते. बुआलेमनं मात्र लेकीकडे पाहिलं आणि मांडवभर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात साहेबांना सांगितलं, "मग या ना कधी. तिसरा खांब. कोणालाही विचारा."