मांडा फक्त बघायचा होता

मॅडमनी माझ्या आईचा मांडा पाहुण्याच्या ताटातून उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. सगळ्यांदेखत.

जळगावच्या या शाळेत मी मराठी शिकवते. शाळेला परदेशातल्या एका संस्थेचं सदस्यत्व हवं होतं. ते मिळालं की शाळा आंतरराष्ट्रीय. त्यासाठी संस्थेची माणसं तपासणीला येणार होती. मुलांच्या घरच्या भाषेला, इथल्या संस्कृतीला शाळेत मान आहे का, हेही बघणार होती. मग मुख्याध्यापिका मॅडमना माझी आई आठवली.

"खापरावर मांडे करते ना? आण तिला."

आई साक्रीकडून एसटीनं आली. ठेवणीतलं लुगडं नेसून. तिला वाटलं, लेकीच्या शाळेत मानाचे पाहुणे येताहेत म्हणून आपल्याला बोलावणं आलंय. आमच्याकडे मांडे मानाच्या पाहुण्यासाठीच होतात. पुरण भरलेला कणकेचा गोळा हातावर फिरवत तिनं पार कोपरापर्यंत वाढवला, चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर टाकला. पाहुण्यांनी फोटो काढले. आईनं पहिला मांडा त्यांच्यातल्या एकाच्या ताटात वाढला.

"खाई ल्या भाऊ, गरम शे."

तेवढ्यात मॅडमनी तो उचलून डब्यात टाकला. मांडा फक्त बघायचा होता. खायचा नव्हता. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी तिला कळलं नसतं. करायचं आणि वाढायचं नाही?

पाहुण्यानं विचारलं, ही काय म्हणाली?

मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, "काही नाही. गावठी बोलते. आजच्यापुरती आणलीय."

आई माझ्याकडे वळली. हात पिठाचेच. "मनं काय चुकनं वं, माय?"

मी पाहुण्याला सांगितलं, "ही माझी आई. गरम आहे, खा, म्हणाली." तो अवघडून हसला. पुढच्या टेबलाकडे गेला.

सदस्यत्व मिळालं. दारातल्या भिंतीवर आईचा मोठा फोटो लागला. खाली इंग्रजीत, 'आमची संस्कृती'. नाव नाही. आई फोनवर अजून विचारते, "पाव्हनास्नी मंग खादं का?" मला रडू फुटतं.

काल मी त्या फोटोवर जाड मार्करनं लिहिलं, 'ही मनी माय शे.'

मॅडम म्हणाल्या, "पूस ते."

"नाही पुसणार. मला काढायचं तर काढा."

आणि पुन्हा कुणाला माझ्या आईचे मांडे बघायचे असतील, तर आधी ताटावर बसायचं. खायचं. मग फोटो.