कांबळे सर ओढ्याच्या पलीकडे होते

पोळ्यानंतरच्या रविवारी मी पहिल्यांदाच एकटीच्या जबाबदारीवर ट्रेक नेला. आदिलाबादचा आमचा भटक्यांचा गट छोटा. नेणाऱ्याला मानधन नाही, येणाऱ्याला फी नाही. बसभाडं आपापलं आणि वाटाड्याचे पैसे सगळ्यांत वाटून. दोन वर्षं मी सगळ्यांच्या मागून चालत आले. या वेळी पुढे राहायचं मीच मागून घेतलं.

सकाळी बसस्टँडवर इडली खाऊन उटनूरच्या बसमध्ये चढलो, तर आत ट्रेकलाच निघालेले कांबळे सर! आठवीत मला गणित शिकवलेले. आता निवृत्त, पण आवाज तोच.

"सुजाता, तू नेऊन राह्यली काय आमाले?"

"हो सर," म्हटलं, आणि नकळत उभी राहिले.

इंद्रवेल्लीला उतरून ऑटोनं शेवटच्या वस्तीपर्यंत गेलो. तिथले भीमरावदादा आमचे वाटाडे. आधी कापसाची शेतं, मग सागाचं जंगल. पानं किड्यांनी चाळणीसारखी केलेली. चाल सोपी आहे, पण चिखलात धरतील असेच बूट घाला.

दीड तासानं ओढा लागला. ज्यासाठी आलो तो धबधबा पलीकडे वीस मिनिटांवर, ओढ्याचं पाणी जेमतेम पोटरीएवढं. ओलांडताना काय काळजी घ्यायची हे मी सांगतच होते, तोवर सर पार झालेसुद्धा.

भीमरावदादा पाण्याकडे बघत होते. "ताई, गढूळ होऊन राह्यलं. वर पाऊस झाला असन."

"वाढेल?"

"वाढन बी, नाई बी."

मला तेवढं पुरेसं होतं. "सर, परत या! इथूनच मागे फिरतोय."

"काऊन? एवढुसं तर पाणी हाय! तुमीच या इकडं."

हैदराबादहून आलेल्या एकानं बूट काढून हातात घेतले होते. सगळे एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे बघत होते.

"कोणीही येणार नाही, सर," मी म्हणाले आणि काठी घेऊन त्यांना आणायला पाण्यात उतरले.

सरांनी माझा हात धरला नाही. ओढ्याच्या मध्यावर मात्र त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं हाय," ते हळूच म्हणाले. "मागं पडलो असतो तं सगळ्यायले समजलं असतं. म्हणून पुढं निंगालो."

अलीकडच्या काठावर येऊन उंचवट्यावर बसून आम्ही भाकरी-ठेचा खाल्ला. तासाभरात पाणी बोटभरही वाढलं नाही. बूट काढणारा गृहस्थ म्हणाला, "फुकट परत फिरलो." मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. परतताना मी मुद्दाम हळू चालले. सर माझ्या शेजारून, काठी टेकत, सगळ्यांदेखत चालले.

धबधबा पाहायचा राहिला, हे खरं. पण घरी आल्यावर चिखलाचे बूट धुताना लक्षात आलं, की सरांना 'नाही' म्हणताना माझा आवाज कापला नव्हता. पुढचा गटही मीच नेणार आहे.

हे सगळं लिहू का, असं सरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "लिही. गुडघ्याचंबी लिही. पण पाणी वाढलं नोतं, हेबी लिहिजो."

लिहिलं, सर.