भिंतीआड बसून बरं होणं

हरेश गेल्याचं मला कविता वहिनींनी फोनवर सांगितलं. मी महाप्याच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. फोन कट केला, परत आला, परत कट केला. तिसऱ्यांदा उचलला तो वैतागूनच. "भावोजी, गेले हो हे..." एवढंच त्या बोलल्या. त्याला आता सहा आठवडे झाले. भेटेल तो म्हणतो, सुटला बिचारा. अशा माणसाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटतो मला.

हरेश नेरुळला लागून असलेल्या सारसोळे गावचा, कोळ्यांच्या घरातला. मी नेरुळच्या सोसायटीतला, साताऱ्याहून बदलीवर आलेल्या कारकुनाचा मुलगा. आमची गाठ पडली कॉलेजच्या वयात, स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत. तिथे बंदुकीचे गेम चालायचे, पडद्यावर फक्त आपली बंदूक दिसते आणि बाकी सगळं जग समोर, तसले. त्याचा लाडका गेम फार जुना, भुयारांचा, ठोकळ्यांसारख्या राक्षसांचा. त्यात गोळी लागून ताकद कमी झाली की झाली. औषधाची पेटी सापडेपर्यंत तसंच पळायचं. माझा गेम त्यानंतर काही वर्षांनी आलेला, सैनिकांचा. त्यात गोळी लागली की पडदा लाल होतो, पण भिंतीआड जाऊन गप्प बसलं की लाली हळूहळू उतरते आणि आपण ठणठणीत. "ह्यो काय गेम हाय?" हरेश म्हणायचा. "गोली खायची, भितीमागं बसायचं, बरं व्हायचं. असं कुठं असतं काय?" मी म्हणायचो, "बसायलाही अक्कल लागते. तुझ्या गेमात नुसतं पळत सुटायचं." हे वीस वर्षं चाललं. सायबर कॅफे बंद पडलं, तो बंदरात क्रेन चालवायला लागला, दोघांची लग्नं झाली, भांडण तेच. त्याच्या हळदीला अख्खा गाव नाचत होता आणि हा पिवळाधमक नवरदेव मला मांडवामागे ओढून बंदुकीच्या आवाजांवर वाद घालत होता. पाहुणे बघत राहिले. 'तुझं बरोबर' असं आमच्यापैकी कोणी कधी म्हटलं नाही. ते म्हणायचं नसतं, हे न सांगता ठरलेलं होतं.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली. आजाराबद्दल तो कोणाला बोलूच देत नसे. हाताला सलाईन, डोक्यावरचे केस गेलेले, आणि मी दिसलो की पहिला प्रश्न, "काय, उतरली काय लाली?" की लागलोच भांडायला. नर्स येऊन दोघांना दटावून जायची. एके दिवशी मात्र डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाहेर बोलावलं, आता औषधाचा उपयोग नाही म्हणाले. हरेशला इतक्यात सांगायचं नाही, असं आम्ही जिन्यात उभं राहून ठरवलं. मी तोंड धुऊन आत गेलो. त्याचा आवाज पार बसला होता. "मंदार, मी सांगत व्हतो ना... भितीमागं बसून कोन बरा नाय होत. माझाच गेम खरा."

मी काय म्हणायला हवं होतं? येड्या, बसून तर बघ, उतरते लाली. वीस वर्षं जे तोंडपाठ होतं तेच, दुसरं काही नको होतं त्याला. पण मला त्याची दया आली. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "हो रे. तुझंच बरोबर आहे." तो माझ्याकडे बघत राहिला... मग "बरं" म्हणाला आणि कूस बदलून पडला. मला वाटलं, जिंकला म्हणून खूश झाला असेल. इतका मी मूर्ख.

तेराव्याला वहिनींनी सांगितलं. मी निघाल्यावर त्याने त्यांना जवळ बोलावलं होतं. "कविता, डॉक्टर काय बोलला ते खरं सांग. आज मंदार भांडला नाय." वहिनी नुसत्या रडल्या. त्यानंतर त्याने नीट अन्न घेतलं नाही आणि चौथ्या दिवशी गेला. तसाही गेलाच असता, असं सगळे मला समजावतात. असेल. पण त्याचं मरण त्याला कळलं ते माझ्या तोंडून, हे कसं पुसू? कोणापाशी जाऊन माझे शब्द परत मागू?

आता दर रविवारी मी सारसोळ्याला जातो. त्याच्या खोलीतलं वहिनींनी काही हलवलेलं नाही. कॉम्प्युटर आहे, पाठीला उशी बांधलेली त्याची खुर्ची आहे. मी शेजारी स्टुलावर बसतो आणि माझे सगळे मुद्दे पहिल्यापासून मांडतो, मोठ्याने. मधे थांबतो, त्याने तोडावं म्हणून... गेल्या रविवारी आवाज चढला असावा, कारण वहिनी हात पुसत दारात आल्या. मला वाटलं, आता नका येऊ म्हणतील.

"ह्यांचं काय म्हननं हाय?" त्यांनी विचारलं.

त्याचं म्हणणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. ते माझ्या तोंडून निघेना.

"त्याला पटत नाही," मी म्हटलं. "अजून नाही पटत."

"मंग परत सांगा ना," वहिनी म्हणाल्या आणि उंबऱ्यातच खाली बसल्या.