अकोल्याच्या बाजारातला बैल

जर्मनीतल्या ज्यूंवर मी पहिलं जाहीर व्याख्यान दिलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, अमरावतीत, आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये. राज्यशास्त्र शिकवायला लागून थोडीच वर्षं झाली होती. इंग्रजी मासिकांतून टिपणं काढून मी वह्याच्या वह्या भरल्या होत्या, आणि त्या सगळ्या त्या संध्याकाळी श्रोत्यांवर रित्या केल्या. मागच्या बाकावर माझे वडील बसले होते, मळ्यातून सरळ आलेले. आम्ही माळी; वांगी, मेथी आणि झेंडू यांवर मी शिकलो.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "सारं समजलं. सरकार समजलं, कायदा समजला. पण त्या यहुदी लोकायच्या बाजूले कोनी राहत नव्हतं काय? शेजारी काय करून राह्यले होते?"

मी म्हणालो, त्यावर अजून संशोधन व्हायचं आहे.

"मंग कर ना. त्याच्यासाठी जर्मनीले जा लागते काय? अकोल्याच्या बाजारात दंगा झाला, तो कावून झाला ते सांग."

तो दंगा होऊन दोनेक वर्षं झाली होती. हिंदू-मुसलमानांत मारामारी झाली, काहींची डोकी फुटली, आणि बागवानचाचांचा फळा-भाजीचा मांडव जळाला. चाचा बाबांचे जुने व्यापारी. बाबा बडनेऱ्याहून टोपल्या रेल्वेत टाकून बाजाराच्या दिवशी अकोल्याला त्यांच्याकडे माल न्यायचे. 'यहुदी' हा शब्दही त्यांना चाचांनीच शिकवलेला.

मी एक प्रश्नावली तयार केली आणि सुट्टीत अकोल्याला गेलो. पहिला सापडला तो पानवाला. मी वाचलं, "सदर संघर्षाची प्रथम जाणीव आपणांस कोणत्या माध्यमाद्वारे झाली?"

तो घाबरून म्हणाला, "मले नाई झाली साहेब. माह्या भावाले झाली असन."

तिसऱ्या माणसानंतर मी प्रश्नावली पिशवीत घातली आणि एकच विचारू लागलो, "तुमाले कोनं सांगतलं?" त्याचं उत्तर प्रत्येकाकडे होतं. मशिदीजवळ देवाची फुलं तुडवली, असं पानवाल्याला टांगेवाल्याने सांगितलं होतं. टांगेवाल्याला बाजारातल्या मोक्याच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या पेरूवाल्याने. पेरूवाल्याने मला एक पेरू कापून दिला आणि म्हणाला, "अमरावतीचा एक म्हातारा माळी सांगत आला. कानात बाळी, टोपल्यावर हिरवं फडकं."

ते फडकं माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचं होतं.

घरी येऊन मी बाबांना विचारलं. त्यांना सगळं आठवत होतं. मशिदीच्या गल्लीत एका मोकाट बैलाने टोपलीत तोंड घातलं, झेंडू सांडला आणि बैल त्यावरून चालत गेला. "मी पेरूवाल्याले तेच सांगतलं. बैलानं तुडवली म्हटलं."

मला भारी आनंद झाला. अफवा कानोकान जाताना बैल गळून पडला! मी लगेच वही उघडली. बाबा मात्र दोन दिवस मळ्यातही गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चाल, चाचाकडे जाऊ."

चाचा आता बाजाराच्या टोकाला, नालीपाशी बसत. बाबा त्यांच्यासमोर उकिडवे बसले. "भाऊ, तुमचा मांडव माह्या तोंडानं जळाला."

चाचांनी वांगी तोलणं थांबवलं नाही. "तुमी बैल म्हटलं होतं, माळीबुवा. मी तिथंच उभा होतो. पेरूवाल्यानं बी बैल ऐकला. टांगेवाल्याले सांगताना त्यानं तो ठेवून घेतला."

"ठेवून घेतला म्हणजे?" मी विचारलं.

"तो आता कोनाच्या जागेवर बसते, मास्तर?"

मी त्या मोक्याच्या कोपऱ्यावर बसून मजेत पेरू खाल्ला होता, आणि ती जागा पूर्वी कोणाची, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. प्रश्नावलीत तर तो प्रश्न नव्हताच.

"तुम्ही तेव्हा सांगितलं का नाही?"

"ओरडून सांगतलं. तेव्हा कोनाले बैल पाहिजे नव्हता."

पुढचा सगळा हिवाळा बाबांनी प्रत्येक बाजाराला पेरूवाल्यासमोर उभं राहून, येईल त्या गिऱ्हाइकाला बैलाची हकिगत सांगितली. शिंगं कशी होती तेही. पेरूवाला हात जोडायचा, "बुवा, बस करा ना आता." जागा काही त्याने सोडली नाही. मग बाबांनीच आपल्या टोपल्या नालीकाठी चाचांच्या शेजारी मांडायला सुरुवात केली. बायका पदर नाकाला लावून यायच्या, पण यायच्या.

माझा निबंध पुरा झाल्यावर चाचा म्हणाले, वाचून दाखवा. मी वाचू लागलो. "स्थानिक हितसंबंधांच्या परस्परविरोधी..."

"हे काय असते?"

"म्हणजे त्याला तुमची जागा हवी होती."

"मंग तसं लिवा ना."

मी तिथंच पेन काढून तसं लिहिलं. नागपूरच्या एका विद्वान संपादकांनी निबंध परत पाठवला. बैलाचा उल्लेख विषयाच्या गांभीर्याला बाधक आहे, असा त्यांचा शेरा होता. शेवटी तो आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आला. पुढे आयुष्यभर मी हाच विषय केला, ज्यूंवर मोठी पुस्तकं वाचली, थोडी लिहिली. युद्ध संपल्यावर छळछावण्यांच्या बातम्या आल्या तेव्हा 'कोणाला काय हवं होतं' आणि 'कोण गप्प राहिलं' हे दोन प्रश्न मी आधी विचारले. ते कोणत्या विद्यापीठात शिकलो, असं लोक अजून विचारतात.

चाचांनी अंकाची एक प्रत मागून घेतली. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. भाजी घ्यायला वकील आला, मास्तर आला, की ते अंक त्याच्यापुढे धरत आणि म्हणत, "जरा वाचा बाप्पा, मंग वांगे तोलतो."